अलॉइसची चौथी वेळ

चर्चच्या वेदीवरच्या कापडांची इस्त्री निम्मी झाली होती. प्याला पुसायचे रुमाल संपले होते. त्यांची तिहेरी घडी घालावी लागते आणि लाल क्रूस बरोबर वर यावा लागतो. मोठं कापड अजून ओलसर गुंडाळून टोपलीत पडलं होतं. तेवढ्यात अंगणात शेरीफच्या ऑफिसची गाडी येऊन थांबली. ही गाडी आमच्याकडे आली की कोणासाठी आली ते मी विचारत नाही. इस्त्री उभी केली आणि वायर काढली.

दारात ट्रेव्हर होता. लहानपणी तो माझ्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गाला यायचा, आणि आता कमरेला पिस्तूल लावून येतो. टोपी काखेत होती आणि हातात कागदी खोका.

"बाई, अलॉइसकाकांना घेऊन गेलेत. रक्त तपासायला."

"गाडी कोणाची आणली होती त्यानं?"

"गाडी नव्हती." तो पायपुसण्याकडे बघत म्हणाला, "गवत कापायचं मशीन होतं, बसून चालवायचं."

आतल्या खुर्चीतून माझे यजमान, नॉर्बर्ट, म्हणाले, "मग सोडून दे ना. मशीन आहे ते. त्याला लायसन लागत नाही."

"काका, लायसन लागत नाही, पण दारू पिऊन रस्त्यावर चालवलं तर ती गाडीच धरतात."

"तुला जरा दुसऱ्या रस्त्यानं जाता आलं नाही?"

"ते हायवेच्या मधोमध होते. मागे दुधाचा टँकर हॉर्न देत होता. मी बघून न बघितल्यासारखं करत होतो, तर त्यांनीच मला हात केला."

नॉर्बर्टनी डोळे मिटले. ट्रेव्हरनं खोका माझ्या हातात दिला. "हे त्यांच्या मांडीवर होतं. म्हणाले, वहिनीला दे, मासा गार होतोय."

शुक्रवार होता. आमच्याकडे शुक्रवारी सगळं गाव डॉटीच्या बारमध्ये तळलेला मासा खायला जातं. फादरही जातात. मासा येईपर्यंत हातात ब्रँडीचा ग्लास असतो, मासा आल्यावर बिअर, आणि नंतर कोणीतरी कोणालातरी पाजतं. विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या माणसाला यात काही वावगं दिसत नाही. मलाही कित्येक वर्षं दिसलं नव्हतं.

अलॉइस माझा धाकटा दीर. लग्न केलं नाही. सासूबाई गेल्यापासून आमच्या माडीवर राहतो. बटाट्याच्या शेडमध्ये सरकत्या पट्ट्यासमोर उभा राहून सडके बटाटे बाजूला काढतो. हात इतके सवयीचे झालेत की जेवताना ताटातला बटाटाही आधी उलटा करून बघतो. माणूस भांडखोर नाही. प्यायला तरी आवाज वाढत नाही, उलट कमी होतो, आणि मग तो सगळ्यांची माफी मागत सुटतो, खुर्चीचीसुद्धा.

चर्चमागच्या दफनभूमीतलं गवत तोच कापतो. कोणी सांगितलेलं नाही. आईबापांच्या थडग्यांभोवतीचं कापायला गेला आणि शेजारच्यांचं कसं सोडायचं म्हणून सगळंच कापायला लागला. शुक्रवारी शेड लवकर सुटते. मग तो मशीनवर बसून दफनभूमीत जातो, दगडांच्या कडा हातानं साफ करतो, आणि काम झालं की त्याच मशीनवरून डॉटीकडे. लायसन गेल्यापासून हे असंच चाललं होतं. लायसन परत मिळत होतं, पण त्यासाठी मोटारीत फुंकायचं यंत्र बसवावं लागतं. नळीत फुंकर मारली आणि दारूचा वास नसला तरच मोटार सुरू होते. अलॉइस म्हणाला, "शेडच्या दारात सगळ्यांसमोर फुंकत बसू? त्यापेक्षा चालेन." चालला नाही, मशीन काढलं. ते बघून बारमधल्या आणखी दोघांनीही काढलं. मशीनवर बसलेल्याला कोणी धरत नाही, हे डॉटीकडे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. कायद्याचं बरंचसं ज्ञान आमच्या गावात डॉटीच्या काउंटरवरूनच मिळतं.

अलॉइसला दारू पिऊन चालवताना धरल्याची ही चौथी वेळ होती.

सोमवारी मी त्याला वकीलबाईंकडे घेऊन गेले. कोर्टानंच नेमून दिलेल्या. हेगन त्यांचं नाव, वय माझ्या मुलीएवढं, टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद. माणूस दमलेला असला की मला लगेच ओळखू येतो. त्याही दमलेल्या होत्या.

"पहिल्या वेळेला आपल्या राज्यात गुन्हाच म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. "दंड भरायचा, सुटलं. गाडीत लहान मूल असतं तर गोष्ट वेगळी. दुसरी, तिसरी वेळ म्हणजे साधा गुन्हा. तुरुंग असतो, पण तो आपल्या काउंटीचा, आणि बाहेर आलात की तुम्ही पुन्हा पहिल्यासारखे. चौथी वेळ म्हणजे मोठा गुन्हा. फेलनी. ती नावाला कायमची चिकटते."

"मशीनवर असलो तरी?"

"हा वाद कोर्टात कधीच घालून झालाय. घालणारा हरला. कुणाला लागलं का?"

"डॉटीच्या झेंडूंना," अलॉइस म्हणाला.

त्या हसल्या नाहीत, पण सफरचंद बाजूला सरकवलं. "फेलनी लागली की बंदूक हातात धरता येणार नाही. आयुष्यभर. ज्या घरात राहता, तिथेही ठेवता येणार नाही."

तोवर अलॉइस खुर्चीत सैल बसला होता. तो ताठ झाला.

इथे मला थोडं सांगायला हवं. नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू होते तो शनिवार आमच्या घरात नाताळाच्या खालोखाल. दोघे भाऊ बापाबरोबर गेले, बाप गेल्यावर दोघेच गेले. बापाची रायफल अलॉइसकडे आली, कारण नॉर्बर्टना बापाचं घड्याळ हवं होतं. आता नॉर्बर्टचा खुबा निकामी झालाय. अलॉइस त्यांना हाताला धरून झाडाखाली नेऊन बसवतो, पांघरूण देतो, थर्मास देतो, आणि हरीण पडलं की एकटा ओढत आणतो. त्याचे सॉसेज आमच्याकडे वसंतापर्यंत पुरतात. त्या दिवसांत अलॉइस पीत नाही. वर्षभरात तेवढेच दिवस.

"एक वाट आहे," वकीलबाई म्हणाल्या. "दुसऱ्या वेळेला तुम्हाला वकील नव्हता. वकील मागायचा तुमचा हक्क आहे, आणि वकिलाशिवाय काय नुकसान होऊ शकतं, हे जज्जनी तेव्हा नीट समजावून सांगितलं नसेल, तर ती शिक्षा मोजणीतून काढा असं आपण म्हणू शकतो. मग ही चौथी उरत नाही, तिसरी होते. साधा गुन्हा. त्या दिवशीचं कोर्टातलं बोलणं आता कुठे लिहिलेलं सापडत नाही. जज्जही वारले. म्हणजे तुम्ही शपथेवर सांगाल तेच. बरोबर कोणी होतं का?"

अलॉइसनं माझ्याकडे बघितलं नाही. "वहिनी होत्या. त्यांनीच नेलं होतं."

"तुम्हाला काही आठवतं, मिसेस झुराव्स्की?"

मला सगळं आठवत होतं. जज्ज खोकत होते. खोकून झालं की चष्मा पुसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचे: वकील घ्या, परवडत नसेल तर आम्ही देऊ, वकील नसला तर तुमच्या बाजूचं काहीतरी सुटून जाईल. दोनदा विचारलं. अलॉइस म्हणाला, नको साहेब, मी प्यायलो होतो, त्यात वकील काय करणार.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

परतताना गाडी मी हळू चालवली. शेतांतून बटाट्याची काढणी चालू होती, रस्त्यावर सगळीकडे माती. घरी येऊन मी नॉर्बर्टना सांगितलं.

"मग आठवत नाही म्हण," ते म्हणाले.

"आठवतंय."

"खोटं बोल असं कोण म्हणतंय? एवढ्या वर्षांपूर्वीचं. माणूस विसरतो. मी तुझा वाढदिवस विसरतो."

"तुम्ही विसरता. मी नाही."

"त्याची बंदूक जाईल, लुसिल. आणि त्याची गेली की माझीही या घरातून जाईल. आणि माझी गेली की..." त्यांनी खुब्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या देवाला एवढा एक शब्द चालणार नाही?"

"माझा एकटीचा आहे का?"

"रविवारी मी येतो. बाकीचे दिवस तुझाच असतो."

मी जपमाळ घेऊन बसले, पण मन लागेना. प्रत्येक मण्याला जज्जांचा खोकला ऐकू यायचा. खरं सांगायचं तर मी देवाकडे उत्तर मागत नव्हते, विसर मागत होते. सकाळी उठावं आणि आठवू नये, एवढंच. मी इतकी वर्षं या माणसाला कोर्टात नेलंय, दवाखान्यात नेलंय, डॉटीच्या मागच्या दारातून आणलंय, त्याच्या उलट्या पुसल्यात. आता आणखी माझ्याकडे काय मागायचं राहिलं होतं, हेच मला कळेना. वाटलं, आठवत नाही म्हणावं आणि झोपावं.

दोन दिवस अलॉइस माझ्यासमोर आला नाही. शेडवरून थेट माडीवर. तिसऱ्या दिवशी मी बीट सोलत होते, तेव्हा तो येऊन उभा राहिला. अंगाला मातीचा वास होता, दुसरा कसला नव्हता.

"बसू का?"

"तुझंच घर आहे."

बसला. एक बीट उचललं, उलटं करून बघितलं, परत ठेवलं.

"वकीलबाईंना फोन केला, वहिनी. ती वाट नको म्हणालो."

मी सुरी खाली ठेवली.

"सांगितलं होतं ना जज्जांनी," तो म्हणाला. "खोकत खोकत. मला वाटत होतं, हा म्हातारा इथेच आटोपतो की काय. म्हणून तर मी नको नको म्हणत होतो, लवकर संपावं म्हणून."

"तुला आठवतंय?"

"त्या दिवशी मी शुद्धीत होतो." तो जरासा हसला. "तेव्हाचं सगळं आठवतं. पंचाईत तीच आहे."

"मला विचारायचंस तरी."

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही काहीतरी केलं असतं. या बाजूनं नाही तर त्या बाजूनं. पुरे झालं की आता."

मी म्हणाले, "आणि रायफल?"

तो उठला, नळावर हात धुतले, आधीच धुतलेले होते तरी. मग पाठमोराच म्हणाला, "वकीलबाई म्हणतात धनुष्यानं शिकार चालते. माझा खांदा बघितला असता तर म्हणाल्या नसत्या."

त्या दिवशी तो डॉटीकडे गेला नाही. पुढच्या शुक्रवारी गेला की नाही ते मी विचारलं नाही. मशीन तर शेरीफकडेच होतं. मी मोठमोठ्या आशा करायचं केव्हाच सोडलंय.

कोर्टात तो गुन्ह्याला हो म्हणाला. नव्या जज्जबाईंनी विचारलं, हा मोठा गुन्हा आहे, त्याचे परिणाम तुम्हाला समजलेत का? तो म्हणाला, "समजलेत, बाई. मला यापूर्वीही नीट समजावून सांगितलेलं आहे." वकीलबाईंनी खाली कागदांत बघितलं. शिक्षा मात्र काउंटीच्याच तुरुंगाची झाली, काढणी संपली की जायचं. दिवसा शेडमध्ये कामाला सोडतील आणि संध्याकाळी परत. त्याला पोचवायचं आणि आणायचं कोणी, हे काही कोणी विचारलं नाही. मी मागच्या बाकावर बसलेलीच होते.

आज दुपारी नॉर्बर्टनी बंदुका कपाटातून काढल्या. जेवणाच्या टेबलावर जुनी गोधडी पसरली. अलॉइस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, दोन्ही हात खिशात. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"आधी नळीत फडकं फिरव, दादा. सुकं."

"माहितीये मला."

"तेल नंतर. थोडं. तू नेहमी ओततोस."

"मग तू ये आणि कर."

नॉर्बर्टनी मान खाली घातली आणि बापाच्या रायफलीच्या दस्त्यावरून फडकं फिरवलं. त्या लाकडावर एका जागी हनुवटी टेकून टेकून रंग उडालाय. आधी सासऱ्यांची टेकायची, मग अलॉइसची.

"तिथे नको घासू," अलॉइस म्हणाला. "तिथे तसंच राहू दे."

नॉर्बर्टनी ती जागा सोडली. मग विचारलं, "मी यंदा जाऊ नये म्हणतो. तू काय करणार त्या शनिवारी?"

"आत असेन. शनिवारी शेड बंद असते."

"मग मीही घरीच."

"तू जा. यूजीन तुला नेऊन बसवेल झाडाखाली. फक्त त्याला सांग, पांघरूण आधी झटकायचं, गेल्या वर्षी त्यात मुंग्या होत्या."

यूजीन नॉर्बर्टचा मामेभाऊ, पाइन लेकला राहतो. बंदुका आता त्याच्याकडे राहतील. त्याला बोलायची फार सवय आहे, त्यामुळे उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल. कळू दे. ट्रेव्हरला कळलं, जज्जबाईंना कळलं, आता आणखी कोणाचं राहिलं आहे.

गोधडी गुंडाळून दोरीनं बांधली. अलॉइसनं गाठ कशी मारायची ते दारातूनच सांगितलं, आणि नॉर्बर्टनी या वेळी ऐकलं. मग तो माडीवर गेला. त्याच्या पलंगाचा आवाज आला. मी टोपलीतलं या आठवड्याचं वेदीचं कापड ओलं केलं आणि इस्त्री लावली.

उद्या सकाळच्या प्रार्थनेला, मिस्सेला, कापडं द्यायची, आणि तिथूनच पुढे पाइन लेकला जाऊन यूजीनकडे बंदुका पोचवायच्या.