तीन हंगामांचा बाँड

"तसं लिहिलंय का कुठं?" असं म्हणून ताई समोरचा कागद खिडकीकडे धरायच्या. लॅबमध्ये उसाच्या रसाची बाटली उजेडात धरून बघायची सवय होती, तीच कागदांनाही लागली. कँटीनवाल्यानं चहाचा कप लहान केला तेव्हा त्यालाही हाच प्रश्न. तो "नाही" म्हणाला, तशा म्हणाल्या, "मग मोठाच कप आना."

मी आमच्या साखर कारखान्याच्या आस्थापना विभागात कारकून. त्या लॅब केमिस्ट, अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शेतकरी घरच्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, तरी मी त्यांना ताई म्हणायचो आणि त्या मला भाऊसाहेब. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, जे दारात दिसलं की आपण उगाच फायलीत डोकं घालतो.

कारखान्यानं त्यांना साखर तंत्रज्ञानाच्या पदविकेला पाठवलं. फी कारखान्याची. बदल्यात बाँड: परत आल्यावर तीन हंगाम नोकरी करीन, नाहीतर सगळी फी परत देईन. तो बाँड मीच टाइप केला होता. 'तीन वर्षे' लिहायला हवं होतं म्हणे. पण आमच्याकडे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, बॉयलर पेटला की सुरू होतं. माझं लग्नसुद्धा घरात 'ऊस जूनपर्यंत चालला त्या हंगामातलं' म्हणूनच ओळखतात.

पहिला खटका उडाला तो करावरून. मी जास्तीचा शहाणपणा करून ती फी त्यांच्या पगारात धरली आणि वर कर कापला. ताई फॉर्म सोळा घेऊन आल्या.

"भाऊसाहेब, ही फी मला मिळाली व्हय?"

"कारखान्यानं तुमच्यासाठीच भरली ना, ताई."

"कारखान्याच्या कामासाठी भरली. पंप दुरुस्तीला पुन्याला धाडला, तर त्याचं बिल पंपाच्या पगारात धरता का तुमी?"

मी चिडलो. पण स्वतःला पंप म्हणवून घेणाऱ्या बाईशी भांडणार कसं? ऑडिटरना विचारलं. ते म्हणाले, "कामासाठी कारखान्यानंच पाठवलंय, मग तो त्यांचा पगार कसा?" दुरुस्त फॉर्म निघाला, ताईंनी रिटर्न भरलं आणि कापलेला कर परत आला. त्या पेढे घेऊन आल्या. चूक माझी, आणि पहिला पेढाही मलाच.

खरी लढाई पुढेच होती. तिसरा हंगाम संपला आणि त्यांना दुसऱ्या एका कारखान्याचं पत्र आलं. चीफ केमिस्टची जागा! त्या खुर्चीत बाई बसलेली मी तरी पाहिली नव्हती. सोमवारी हजर व्हायचं होतं, सोबत आमचं कार्यमुक्तीचं पत्र हवं होतं. आमच्या लेबर ऑफिसरनी नेमकं तेच अडवलं. "मधला हंगाम दोन महिनेसुद्धा चालला नाही. ऊसच नव्हता. तो धरता येणार नाही. फी भरा, मग जा."

फी म्हणजे ताईंचा वर्षभराचा पगार. भरणं शक्य नव्हतं, आणि सोमवार हुकला की ती खुर्चीही गेली.

शुक्रवारी चेअरमनसाहेबांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. मला बाँड टाइप केल्याच्या गुन्ह्यासाठी. ताई लॅबच्या तीन वह्या घेऊन आल्या. वह्यांना कव्हरं कारखान्याच्याच निमंत्रणपत्रिकांची. कागद जाड, चकचकीत, वाया कशाला घालवायचा? तीन हंगामांच्या तीन पत्रिका, आणि प्रत्येकीवर साहेबांचा हसरा फोटो.

त्यांनी मधली वही पुढे सरकवली. "साहेब, यावर 'गळीत हंगाम शुभारंभ' छापलंय. तुमी जोडीनं पूजा केली. परसादाचे लाडू मीबी खाल्ले. हंगामच नव्हता, तर ती पूजा कशाची हुती?"

लेबर ऑफिसर पुटपुटले, "पण दिवस कमी भरले, साहेब."

"दिवस मोजायचे, असं लिहिलंय का कुठं?"

चेअरमनसाहेबांनी पत्रिका हातात घेतली, स्वतःचा फोटो निरखला आणि पोट धरून हसायला लागले. "आवो, हंगाम झालाच न्हाई म्हनलो, तर सभासद मला गावात फिरू देतील का? द्या ताईंना पत्र."

'यांच्याकडून कारखान्याचे काहीही येणे नाही.' बावीस वर्षांच्या नोकरीत इतक्या आनंदानं मी दुसरं वाक्य टाइप केलेलं नाही. ताईंनी पत्र उजेडात धरून वाचलं, एक तारीख चुकली होती ती दुरुस्त करून घेतली, आणि मग एकदम ओढणीनं डोळे पुसले. "आईला फोन करते," एवढंच म्हणाल्या. माझाही चष्मा धूसर झाला होता, सांगायला लाज कसली?

त्या गेल्यावर साहेबांनी बाँडमध्ये 'तीन वर्षे' घालायला सांगितलं. गेल्या महिन्यात लॅबमधली नवी केमिस्ट त्या बाँडवर सही करायला माझ्या टेबलाशी आली. तिनं पेन उघडलं, बंद केलं, आणि फोन स्पीकरवर लावला. मागे ऊस गाळणाऱ्या यंत्रांची धडधड, आणि तिच्यावर चढलेला ताईंचा आवाज.

"सही करू नको गं. तीन वर्षं चालंल. पन मधेच सोडली तर जितकी नोकरी झाली तितकी फी वजा, हे आधी घालून घे. आन् भाऊसाहेबांना म्हनावं, चीफ केमिस्टनं सांगितलंय."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं कीबोर्ड पुढे ओढला आणि ते कलम टाइप केलं.