न सुटणारा जॉइंट

आमच्या हॉलच्या भिंतीवर एक पीव्हीसी पाइप आहे. तो कुठूनही येत नाही आणि कुठेही जात नाही. पाहुणे त्याच्याबद्दल विचारतात तेव्हा मी चहाचं बघायला आत जातो.

त्या पाइपाला कारण बंडू. बंडू म्हणजे आमच्याकडचा ऑस्कर जातीचा मासा. आई गेली तसे अण्णा, माझे वडील, अगदी गप्प झाले. डॉक्टर म्हणाले, काहीतरी विरंगुळा द्या. म्हणून आम्ही काचेची टाकी आणि बोटाएवढा बंडू आणून दिला. उपाय लागू पडला, अण्णा बोलायला लागले. (बंडूशी. आमच्याशी अजूनही ‘हं’ आणि ‘मीठ दे’ एवढंच.) सकाळचा पेपर ते त्याला वाचून दाखवतात, गोदावरीला पाणी सोडलं की तेही सांगतात, आणि बंडू काचेला तोंड लावून ऐकतो. अण्णांचा आवाज घरात ऐकू यायचा असेल तर हा मासा जगला पाहिजे, हे आम्हाला सगळ्यांना न बोलता कळलेलं होतं.

मात्र बंडू बघता बघता वीतभर झाला, आणि ऑस्कर जेवढं खातो तेवढं पाण्यात सोडतो. दर रविवारी बादल्यांनी निम्मी टाकी उपसायची आणि बादल्यांनीच भरायची, हे काम माझ्याकडे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. यंत्रांमुळे माणसाचे श्रम वाचतात हे मुलांना सांगून सांगून माझा घसा बसलाय, आणि घरी कंबर बसलीय. शेवटी मी बेत आखला. टाकीखालच्या कपाटात रंगाची रिकामी बादली ठेवायची, तिच्यात स्पंज आणि खडी. टाकीतलं पाणी वरच्या काठाजवळच्या एका पाइपाने खाली येईल, गाळलं जाईल, आणि छोटा पंप दुसऱ्या पाइपाने ते परत वर चढवेल. मी फक्त बघत बसेन.

हे मी एकट्याने केलं असतं तर नुसतंच बिघडलं असतं. पण मंदाने, माझ्या बायकोने, तिच्या भावाला फोन केला. विलास कळवणला कांदा आणि डाळिंब करतो. विहिरीपासून बांधापर्यंत पाइप जोडण्यात त्याची हयात गेली. शेतात उरलेले तुकडे, एल्बो, चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणि हॅक्सॉ घेऊन तो सकाळीच हजर झाला. टाकीकडे बघून म्हणाला, “एवढीच व्हय? मला वाटलं पाण्याची टाकी हाय.”

मी सुचवलं की एकदोन जॉइंट चिकटवायचे नाहीत, म्हणजे सफाईला उघडता येतील. विलासने माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

“दाजी, जॉइंट सुटला म्हंजे रातच्याला मोटरीवर कोण जाणार?”

“अरे, ही हॉलमधली टाकी आहे.”

“तरी बी.”

मग प्रत्येक टोकाला सोल्युशन लावलं गेलं, पाव वळसा देऊन पाइप आत ठोकला गेला आणि भिंतीला क्लॅम्प मारले गेले. घरभर असा वास सुटला की अण्णांनी टाकीवर ओला पंचा टाकला आणि शेजारी खुर्ची घेऊन पहाऱ्याला बसले.

वर चढणारं पाणी टाकीत ज्या पाइपाने पडणार, तो पाइप पाण्याच्या जेमतेम आत ठेवावा असं माझ्या मनात होतं. विलास म्हणाला, “विहिरीत पाइप कधी अधांतरी सोडतात का? तोंड तळाला पाहिजे.” हे इतकं रोखठोक होतं की मी स्वतः पाइप तळापर्यंत धरून ठेवला. विहिरीतला पाइप पाणी वर ओढतो आणि हा पाइप पाणी आत सोडणार होता, एवढा बारीक फरक आम्हा दोघांच्या लक्षात आला नाही. (सायफनचा धडा मी दरवर्षी शिकवतो. रंगीत खडूने आकृती काढून.)

हत्यारं हाताशी राहावीत म्हणून विलासने ती कपाटातच ठेवली, दार लावलं आणि शेवटचा पाइप दारावरून सरळ रेषेत बसवला. दिसायला फार सुबक दिसत होतं. पंप सुरू केला, पाणी खाली गेलं, वर आलं, बंडूने एक चक्कर मारली. अण्णांनी मान हलवली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (बरंचसं सोल्युशनमुळे.)

आम्ही शेवभाजी-भाकरी खायला बसलो आणि लाइट गेली. जाणारच, त्याचं काही नाही. पंप बंद पडला, पण पाण्याचा आवाज चालूच. विलास घास हातात धरून कौतुकाने म्हणाला, “बघा दाजी, बिनलाइटीचं बी चालतंय.”

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही अभिमान वाटला.

मग कपाटाच्या फटीतून पाणी बाहेर आलं. टाकीच्या तळापर्यंत गेलेला तो पाइप सगळं पाणी उलटं खाली ओढत होता, बादली भरून वाहत होती, आणि दारावर पाइप असल्यामुळे दार उघडत नव्हतं. पाइप कापावा तर हॅक्सॉ कपाटात. विलासने भिंतीला पाय लावून पाइप ओढला, दोन्ही हातांनी ओढला, घामाघूम झाला आणि कौतुक न लपवता म्हणाला, “माझा जॉइंट हाय दाजी, नाय सुटायचा.”

मी सगळ्यांना सायफनचं तत्त्व समजावून सांगायला लागलो. मंदा म्हणाली, “ते थांबतं कशाने, तेवढंच सांगा.”

“वरचं पाणी संपलं की थांबतं.”

एव्हाना बंडूची पाठ पाण्याबाहेर आली होती. आता त्याला पाणी पाहिजे, एवढंच मला सुचलं, आणि मी बाथरूममधून बादल्या आणून टाकीत ओतायला लागलो. मी वरून ओतत होतो, पाइप खालून नेत होता. म्हणजे जिथे आधी फक्त टाकीचं पाणी हॉलमध्ये आलं असतं, तिथे आता नळाचंही यायला लागलं. सोसायटीच्या ग्रुपवर खालच्या काकूंनी विचारलं की वर कुणी गाडी धुतंय का. आयुष्यात एका दिवसात इतक्या बादल्या मी कधी उचलल्या नव्हत्या. विलास आणि मंदा बंडूला पकडायला गेले, तर तो दोघांच्या हातांतून निसटून काचेवर आपटत होता.

तेव्हा अण्णा उठले. त्यांनी बाही वर केली, टाकीत हात घातला आणि “चल” म्हणाले. बंडू त्यांच्या तळहातावर आला. घरातलं मोठं पिंप भरलेलं होतं, त्यात त्यांनी त्याला अलगद सोडलं. मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो.

पुढे शेजाऱ्यांच्या करवतीने पाइप कापला. मधला तुकडा राहिला, कारण क्लॅम्प काढायला गेलं की प्लास्टरच सुटतं, जॉइंट सुटत नाही. विलास दर भेटीत त्याच्यावरून मायेने हात फिरवतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी फरशी पुसत होतो. अण्णा स्टूल घेऊन पिंपाशी बसले होते आणि हळू आवाजात बोलत होते.

“घाबरू नकोस रे. तो माझा मुलगा आहे. मनाने चांगला आहे, फार धावला तुझ्यासाठी.”

आई गेल्यापासून अण्णा माझ्याबद्दल कुणाशी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. फडकं हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

“फक्त विज्ञान शिकवतो,” अण्णा म्हणाले, “म्हणून जरा सांभाळून राहायचं.”

मी बादली उचलली आणि टाकी भरायला गेलो.