संदर्भाच्या खोलीतल्या अक्का

अक्कांना कुणाचंही नाव सांगा, त्या मान वर न करता विचारायच्या, "बापाचं नाव? गाव?" आमदार असो की मटक्यात धरलेला माणूस, ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय त्यांचा हात कीबोर्डवर जायचा नाही. आमच्या धाराशिवच्या दैनिकात त्या संदर्भ विभाग सांभाळायच्या. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, कात्रणांची तीन कपाटं, एक संगणक आणि अक्का. मी वार्ताहर म्हणून नवा लागलो तेव्हा मला वाटलं, बाईंना सोयरिकी जुळवायची सवय दिसते. तसं बोलूनही दाखवलं. त्या हसल्या नाहीत.

पुढं एकदा चहा पिताना त्यांनीच सांगितलं. त्या मूळच्या सास्तूरच्या. भूकंप झाला तेव्हा शाळकरी होत्या. तंबूंजवळ कुणीतरी फळ्यावर खडूनं मेलेल्यांची नावं लिहिली होती, त्यात त्यांच्या वडिलांचं, अप्पांचं नाव होतं. "अप्पा माझा हात धरून हुबे, आन मी त्येंचंच नाव वाचतेय. नाव-आडनाव तेच, माणूस दुसऱ्या गल्लीतला. आत्या रडत आली उमरग्याहून. अप्पांना हात लावून बघितलं तरी तिला खरं वाटंना." त्यानंतर मी सोयरिकीची थट्टा केली नाही.

त्यांच्या माहेरी कानडी आणि मराठी एकत्रच नांदायची. रागावल्या की "नोडप्पा" म्हणून सुरुवात करायच्या, म्हणजे बघ बाबा. त्यांच्याकडं एक जाड वही होती. शासन निर्णय कुठं सापडतात, खटल्याची पुढची तारीख कुठं दिसते, उमेदवारांची शपथपत्रं, जनगणनेतली गावांची यादी, जुनं गॅझेटिअर कुणी स्कॅन करून ठेवलंय, अशा सगळ्या वेबसाइटींचे पत्ते तीत पेननं लिहिलेले. प्रत्येकापुढं शेरा: 'दुपारी उघडत नाही.' 'स्पेलिंग तीन तऱ्हेनं टाकून बघावं.' 'माहिती जुनी, भरवसा नको.' वेबसाइटींचे पत्ते वहीत लिहिणारी बाई म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो, आणि अडलं की त्याच वहीसाठी जिना उतरायचो.

भूमला ढगफुटी झाल्याचा एक फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. छपाईआधी पहिल्या पानावर तो लागलाही होता. अक्कांनी तो फोटोच इंटरनेटवर टाकून मूळ कुठला ते शोधलं, तर निघाला कितीतरी वर्षांपूर्वीचा आणि दुसऱ्याच राज्यातला. संपादकांना म्हणाल्या, "साहेब, शोधायची बी गरज नव्हती. ह्यात रस्त्याच्या कडंनं नारळाची झाडं हायती. भूमला नारळ देवापुढं असतोय." त्या दिवशी ऑफिस खूप हसलं आणि फोटो पानावरून काढला.

माझ्या बातमीच्या वेळी मात्र त्या ऑफिसात नव्हत्या. येडेश्वरीच्या यात्रेला येरमाळ्याला गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी येणार होत्या. बनावट प्रमाणपत्रावर नोकरी मिळवल्याच्या खटल्याची कुणकुण मला लागली होती आणि मला ती बातमी त्याच दिवशी हवी होती. न्यायालयाची वेबसाइट बघायला अक्कांनीच शिकवलेलं. आरोपीचं नाव-आडनाव दिसलं, तालुका भूम. त्याच नावाचे एक प्राथमिक शिक्षक भूम तालुक्यात होते. शाळेच्या फेसबुक पानावरून त्यांचा फोटो उचलला आणि बातमी दिली. वडिलांचं नाव आतल्या कागदात होतं. तो उघडायला एक मिनिट लागलं असतं. मी उघडला नाही.

आरोपी दुसराच होता. दोन दिवसांनी गुरुजी आले, इस्त्रीचा सदरा घालून, नोकरीचे सगळे कागद पिशवीत घेऊन. थेट जिन्याखालच्या खोलीत गेले. अक्कांसमोर बसून म्हणाले, "ताई, पेपर रद्दीत जातोय. मोबाइलातलं कसं जायचं? माझ्या वर्गातली लेकरं बघतेत हो." अक्कांनी शब्द दिला, "मी काढते, गुरुजी."

खुलासा आतल्या पानावर चार ओळींत छापला. पण वेबसाइट बनवणारी मंडळी करार मोडून गेली होती, जुन्या बातम्यांचा पासवर्ड कुणाकडं नव्हता. वर ती बातमी आणखी तीन पोर्टलांनी उचललेली. अक्कांनी अर्ज केले, मेल पाठवले, फोन लावले. एकानं काढली की दुसरीकडं उगवायची. रोज सकाळी खोली उघडली की त्या आधी इंटरनेटवर गुरुजींचं नाव टाकून बघायच्या. दर सोमवारी गुरुजींचा फोन यायचा. "गेली का, ताई?" अक्का म्हणायच्या, "जरा खाली सरकलीय, गुरुजी." हे दोन वर्षं चाललं. मी त्या वेळी खोलीत असलो की काहीतरी निमित्त काढून बाहेर पडायचो.

मग एका सोमवारी फोन आला तो गुरुजींच्या मुलाचा. गुरुजी गेले होते.

निधनवार्ता अक्कांनी स्वतः लिहिली. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, किती वर्षं शिकवलं ते. फोटो मुलाकडून मागवला. एकही शब्द कुणाला बदलू दिला नाही. बातमी वेबसाइटवर चढली आणि तिच्याखाली 'हेही वाचा' म्हणून आपोआप माझी जुनी बातमी येऊन बसली, फोटोसकट. गावातले लोक श्रद्धांजली म्हणून तीच लिंक एकमेकांना पाठवत होते. अक्कांनी पुण्याला, वेबसाइट नव्यानं सांभाळणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, सिस्टिमच जोडते ते. नाव जुळलं की झालं. जुन्या बातम्यांना आम्हाला हात लावता येत नाही."

मी खाली गेलो तेव्हा त्या स्क्रीनसमोर बसून होत्या. म्हणाल्या, "नोडप्पा, मीच नेऊन जोडलं की रे. जलमभर सारख्या नावाची माणसं येगळी करत बसले, आन शेवटी गुरुजींना माझ्याच हातानं त्या खटल्याला बांधून दिलं." चूक माझी होती, तुमची नव्हे, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. मी जिना चढून वर आलो.

अक्कांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. खोलीत आता जाहिरात विभाग बसतो, कात्रणं कुठं गेली मला माहीत नाही. मध्यंतरी त्यांना फोन केला, माफी मागावी म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माज्याकडं मागून काय होतंय, बाबा? ज्येंची मागायची ते गेले."

सकाळी आता मी ते नाव टाकून बघतो. दोन्ही बातम्या एकीखाली एक अजून तशाच आहेत. इथं गुरुजींचं नाव मी कुठंही लिहिलेलं नाही. लिहिलं, तर हा लेखही त्यांच्याखाली जाऊन बसेल.