नाव नको, पाय सांगा

मला पोहता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, कारण पुढं हसण्यासारखं फारसं काही नाही.

दिलावर बागवान हे आमच्या दिंद्रुडच्या बाजारातले फळवाले. वय साठीच्या पुढं, अंगानं काटक, बोलणं तोलून मापून. उन्हाळ्यात त्यांच्या गाड्यावर टरबुजं-खरबुजं असतात आणि ती त्यांनी स्वतः पिकवलेली असतात. हिवाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकलं की गाळाची जमीन उघडी पडते. ती दरसाल कसायला मिळते, तिला गाळपेर म्हणतात. दिलावरभाईंचा तुकडा पाण्याच्या मधोमध, एका उंचवट्यावर. तिथं पोचायला तीनशे पावलं पाण्यातून चालावं लागतं. होडी नाही. वीस वर्षं हा माणूस ते पाणी पाखरांच्या पायांवरून मोजत आला.

म्हणजे असं. तुतवार उभा असेल तिथं पाणी घोट्याला. शेकाट्या चालत असेल तिथं पोटरीला. राखी बगळा मान आखडून उभा असेल तिथं मांडी भिजणार. आणि टिबुकली बुडी मारत असेल तिकडं पाऊलच टाकायचं नाही. यातलं एकही नाव त्यांना ठाऊक नाही. त्यांच्या लेखी पाखरं चारच: घोट्याचं, पोटरीचं, मांडीचं आणि बुडीचं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. गळ्यात दुर्बीण आणि खिशात वही घेऊन हिंडतो, त्यामुळं मला लोक भारत सर कमी आणि पाखरंवाले सर जास्त म्हणतात. दर जानेवारीत मी दिलावरभाईंच्या मागून उंचवट्यावर जातो आणि पाखरांची मोजदाद करतो. पहिल्याच वर्षी मी त्यांना पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून कसे येतात ते ऐकवायला लागलो, तेव्हा ते म्हणाले, "सर, नाव नगं. पाय सांगा." मी मनात म्हटलं, अडाणी माणूस. मास्तराला दुसरं सुचणार तरी काय?

गेल्या दोन उन्हाळ्यांत गाळ उपसायला यंत्रं आली. धरण पुन्हा भरलं आणि दोन-दोन पुरुष खोल खड्डे पाण्याखाली झाकले गेले. मागच्या हिवाळ्यात गावातल्या बंकटचा बैल अशाच एका खड्ड्यात गेला. थोडा वेळ शिंगं दिसली, मग तीही दिसेनात. तेव्हापासून दिलावरभाईंच्या बायकोनं, जैनबभाभींनी, रोज काठावर तीन दगडांची चूल मांडायला सुरुवात केली. नवरा पलीकडं पोचून पंचा हलवेपर्यंत त्या चहाला तोंड लावत नसत.

यंदा आम्ही निघालो त्या सकाळी धुकं होतं. मी म्हणालो, थांबू या. दिलावरभाई म्हणाले, "बी फुटलंय सर. तुमची ती हिमालयवाली येतील आन समदे कोंब खुडून खातील." ते काठी घेऊन पुढं, मी त्यांच्या खांद्यावरच्या पंच्याचं टोक धरून मागं. दुसरं टोक त्यांनी आपल्या मनगटाला गुंडाळून घेतलं होतं.

निम्म्यात आल्यावर ते थांबले.

"सर, पुढं काय हाय?"

आजवर त्यांनी मला कधी हे विचारलं नव्हतं. मला वाटलं, अखेर माझ्या विद्येची किंमत कळली. दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरली होती. ती पुसून पाहिलं तर एक पाखरू पाण्यावर सावकाश चालत होतं. अंग दिसत होतं, पाय धुक्यात होते.

"शेकाट्या," मी म्हणालो.

"पाय दिसले का?"

"शेकाट्याच हाय वो. तुमचं पोटरीचं. चला."

त्यांनी पाऊल टाकलं आणि ते नव्हते. ओरडणं नाही, काही नाही. टोपी तेवढी पाण्यावर राहिली. पाखरू उडालं तेव्हा त्याचे पांढरे पंख दिसले; शेकाट्याचे काळे असतात. तो कमळपक्षी होता. हिवाळ्यात त्याची लांब शेपटी गळलेली असते आणि तो तरंगत्या शेवाळावर चालतो. खाली दोन पुरुष पाणी असलं तरी त्याचे घोटे भिजत नाहीत. हे सगळं मला तोंडपाठ होतं!

हातातला पंचा ताणला गेला. माझी पाचावर धारण बसली. पाय गाळातून पुढं सरकायला लागले. खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो पंचा सोडून द्यायचा. दुसरा विचार यायच्या आत मी घाबरून मागं पडलो, पाण्यात बसलो, आणि त्या बसण्यानंच ते वर आले. मी त्यांची काठी धरली, मग दंड धरला. दोघंही कडेच्या गाळावर उभे राहिलो तेव्हा त्यांच्या नाकातोंडातून पाणी येत होतं.

"तुमाला दिसलं न्हाई का?" मी त्यांच्यावरच खेकसलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

"न्हाई सर. पावसाळ्यापासून न्हाई दिसत. दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय. समदं दुधात बुडाल्यावानी."

"मग रोज येता कसं?"

"आवाजावर. आज थंडीनं पाखरं गप हायेत, मनून तुमाला इचारलं."

"आपरेशन कावून करीत न्हाई?"

"थोरल्या भावाचा डोळा आपरेशननंच गेला. आन जैनबला कळलं तर ती मला पान्यात उतरू देनार न्हाई. मग काय करू? खाटेवर बसून ऱ्हाऊ?" त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "तिला सांगनार न्हाई अशी शपथ घ्या."

मी घेतली. त्या वेळी त्यांनी काहीही मागितलं असतं तरी मी दिलं असतं.

काठावरून भाभींनी लेकीच्या नावानं नवऱ्याला हाक दिली. "इरमचे अब्बा! पोचलाव का?"

"पोचलो!" दिलावरभाई ओरडले. मांडीभर पाण्यात, खड्ड्याच्या काठावर उभं राहून.

मग हळूच म्हणाले, "आता पुढं काय हाय?"

धुक्यात पुन्हा एक पाखरू होतं. तसंच सावकाश चालत होतं. 'शेकाट्या' पुन्हा ओठावर आला. बावीस वर्षं मी शिकवतोय. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, येत नसलं तर ठणकावून द्यायचं, हीच सवय.

"पाय दिसत न्हाईत, दिलावरभाई," मी म्हणालो. "मला म्हाईत न्हाई."

"मग हाय तितंच उभं ऱ्हाऊ."

तासभर उभे राहिलो. गाळ पाय आत ओढत होता, म्हणून एकाआड एक पाय उपसून पुन्हा तिथंच ठेवायचा. प्रत्येक वेळी वाटायचं, आता खाली काही लागणार नाही. दोघांचे दात वाजत होते. शेवटी ऊन आलं, धुकं विरळ झालं आणि आम्ही माघारी फिरलो. तीनदा मी 'पाय दिसत न्हाईत' म्हणालो आणि तीनदा थांबलो. चौथ्यांदा शेकाट्याचे गुलाबी पाय दिसले, पोटरीभर पाण्यात.

आम्हाला काठाच्या दिशेनं येताना पाहून भाभी उभ्या राहिल्या. "पोचलो मनले न्हवं?"

"पाय घसरला," दिलावरभाई म्हणाले.

भाभींनी चहाचा कप पुढं केला. दिलावरभाईंचा हात कपाच्या डावीकडून गेला. भाभींनी कप जागचा हलवला नाही. हात परत आला, या वेळी कपाच्या वरून गेला. भाभी नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं वळल्या.

"सर, ह्यास्नी दिसतं का?"

दिलावरभाईंनी मान माझ्या दिशेला वळवली. ते वाट बघत होते. शपथ मोडायची भीती वाटली, पण सकाळच्या त्या 'शेकाट्या' शब्दाची भीती तिच्याहून मोठी होती.

"न्हाई दिसत, भाभी," मी म्हणालो.

भाभींनी कप त्यांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं एकेक करून त्याभोवती मिटली. दिलावरभाईंनी घोटही घेतला नाही. "सर," ते म्हणाले, "त्यापरीस मगाशी मला सोडलं असतं तर लई बरं झालं असतं."

भाभींनी चूल विझवली, त्यांचा दंड धरला आणि दोघं गावाकडचा चढ चढायला लागले. "हितं दगड हाय," भाभी सांगत होत्या. "हितं वल्लं हाय. आता सपाट." वीस वर्षं ज्या चढावरून ते डोकं वर करून गेले, तिथं दिलावरभाई प्रत्येक पावलाला अंग चोरत होते. पाण्यातसुद्धा मी त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.