विझवलेली लॉरी

इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास आला, की मी आजही मुरबाडच्या रस्त्यावर असतो.

दुसऱ्या महायुद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून माझी लॉरी कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे गॅस तयार करणारी धुरकट भट्टी, आत विकायची भांडी, एक बाज आणि स्टोव्ह. एकट्याचा फिरता संसार! एकदा असाच निघालो होतो; दुसऱ्या दिवशी शहापूरच्या बाजारात पहिल्यांदाच दुकान मांडायचं होतं, त्यामुळे मी हवेतच होतो. वाटेत एका पाड्यावर मीठ घ्यायला उतरलो. परत येतो तर काय, विहिरीवरून निघालेल्या बायका माझ्या भट्टीवर हंडे रिकामे करत होत्या.

"घर पेटलं गो, घर पेटलं!" आतली बाज आणि स्टोव्ह बघून त्यांना लॉरी म्हणजे घरच वाटलं होतं.

"अहो, त्या भट्टीवरच गाडी चालते माझी!" मी ओरडलो. पण भट्टी विझली होती. पोत्यात कोरडा कोळसा होता, भट्टीजवळ ठेवलेली काडेपेटी मात्र चिंब भिजलेली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "आमी इझवली ना, मंग विस्तव बी आमीच देणार."

साऱ्या पळाल्या आणि कौलांच्या तुकड्यांवर आपापल्या चुलीतले निखारे घेऊन आल्या. त्या निखाऱ्यांनी भट्टी पेटली, गाडी धडधडली, तेव्हा आनंदाने त्यांच्याहून मीच जास्त ओरडलो.

तेव्हा वाटलं, गाडी सुरू झाली. आता वाटतं, चुलीतला विस्तव माणूस शेजाऱ्यालाच देतो. माझ्या चाकांवरच्या घराला त्या दिवशी अख्खा पाडा शेजारी मिळाला होता.