नव्या नळ्यांखालचा कागद

फिश टँकच्या फिल्टरच्या दोन्ही नळ्या आज सहा वर्षांनी बदलल्या. जुन्या पिवळ्या पडून कडक झाल्या होत्या. एकीला तर जोडापाशी तडा गेलेला. त्या तड्याशेजारी मी रोज निवांत पेपर वाचत बसायचो! आता नळ्या कोऱ्या आहेत, क्लिपा घट्ट आहेत आणि मला मात्र चैन नाही. एक जोड सुटला तर अख्खी टाकी घरात रिकामी होईल. थेंब पडलाच तर कळावा म्हणून खाली पेपर पसरलाय आणि दर पाच मिनिटांनी वाकून बघतोय. जुन्याची नुसती सवय होते, तिलाच आपण विश्वास म्हणतो की काय?

"अहो, जेवून घ्या आधी," बायको म्हणाली. "पाणी गळलं तर खालचे येतीलच भांडायला."

मी पुन्हा वाकलो. कागदावर ओला ठिपका होता. मासे काचेपाशी येऊन तोंडं उघडत होते. त्यांना वाटलं, मी खाऊ घालायला आलोय. ठिपक्याला बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं.

खारट लागलं. टाकीतलं पाणी तर गोडं. थेंब माझ्याच कपाळावरचा होता.