बारा आणे फरक

घनसावंगीच्या स्टँडावर काळी-पिवळी भरायला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात आबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ड्रायव्हरला मात्र तीनदा बजावलं, "बॅग वर बराबर बांध, पोरगी विलायतेला चाललीय." सगळी जीप माझ्याकडं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माय खिडकीतून हात आत घालून माझी ओढणी नीट करत होती, दहाव्यांदा. जीप हलली तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "अर्चू, थंडीचं डोक्याला बांधत जा."

त्याला सहा वर्षं झाली. इंग्लंडातल्या एका लहान शहरात मी छातीच्या आजारांच्या वॉर्डात नर्स आहे. तुम्हा गावाकडच्यांना वाटतं, तिथं मशीनच सगळं करत असेल. कशाचं काय! मशीन आहेत, पण काम तेच, जे जालन्यात शिकले. हात धुवा. गोळी देण्याआधी पेशंटचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्या. पलंगाचा कठडा वर करा. आणि श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट. जालन्यातच मस्तगड भागात आम्ही तिघी मैत्रिणींनी खोली केली होती, तिथं एकमेकींचे श्वास मोजून सराव करायचो आणि हसून हसून आकडा चुकायचो. ट्यूटर मॅडम ओरडायच्या, "मोजतेय हे पेशंटला सांगायचं नाही! सांगितलं की माणूस श्वाससुद्धा शहाण्यासारखा घेतो. नाडीवर हात ठेवा नि छातीकडं बघा."

इथं दुखणं शून्य ते दहा असं विचारतात. म्हातारे साहेब विचार करून "सहा" म्हणतात, चार्टवर सहा लिहायचं. आपल्याकडं आकडा दुखण्याचा नसतो, फरकाचा असतो. "चार आणे फरक हाय." "आठ आणे फरक हाय." सोळा आणे म्हणजे पुरतं बरं. ती नाणी कुठल्या कुठं गेली, पण आमच्या तालुक्यात ताप अजून आण्यांतच उतरतो. वॉर्डात कुणी आकडा सांगितला की मला ते आणे ऐकू येतात, आणि भर ड्युटीत गावाची अशी आठवण येते की काय सांगू. हातात ग्लव्हज असले की डोळेही पुसता येत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात आबांना ताप आला. ऊसतोड चालू होती, माणूस शेत सोडायला तयार नाही. फोनवर रोज एकच, "बारा आणे फरक हाय." आता बघा, मी इथं दुसऱ्या नर्सच्या शब्दावरसुद्धा विसंबत नाही, स्वतः पलंगाशी जाऊन बघते. तीच मी तीन दिवस त्या बारा आण्यांवर खूश राहिले. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोरींनो, तुम्हाला म्हणून सांगते, ते शब्द ऐकायलाच इतके गोड वाटत होते की पुढचं विचारावंसं वाटेना. बैलानं बरगडी मोडली होती तेव्हाही आबा बाराच आणे म्हणाले होते. हे मला आठवायला नको होतं का? पण अक्कल गहाण टाकली होती.

चौथ्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी चहा घेता घेता व्हिडिओ कॉल लावला, तिकडं दुपार. आबा अंगणात बाजेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून.

"कसंय आबा?"

"बारा," म्हणाले. थांबले. खांदे वर गेले, खाली आले. "आणे फरक हाय."

चहा हातातच राहिला. दोन शब्दांच्या मध्ये ज्याला श्वास घ्यावा लागतो, त्याला फरक कसला आलाय! पण नुसतं घाबरून भागणार नव्हतं. मोजायला हवं होतं, आणि त्यांना कळू द्यायचं नव्हतं. "माय, फोन खांबाला टेकव," मी म्हणाले, "त्यांच्याजवळ बस नि हात धर त्यांचा."

"काऊन गं?"

"धर म्हणते ना!"

मायनं हात धरला. आबा लाजून चूर. चाळीस वर्षांच्या संसारात पोरीसमोर पहिल्यांदाच! "अगं... लोक बघून... राह्यले."

"बघू द्या," माय म्हणाली. "पोरगी म्हणून राह्यली तर."

आबा भिंतीकडं तोंड करून बसले, आणि मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर नजर ठेवून मोजत गेले. मिनिटाला छत्तीस. वीसच्या आत असायला हवेत.

मंग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. चुलतभावाला, गणेशला, फोन करून म्हटलं, गाडी काढ, आत्ताच्या आत्ता जालना. आबा म्हणाले, तोड संपू दे, उद्या जाऊ. मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले, "आबा, गाडीत बसा, न्हाई तर पुन्हा माझा फोन येणार न्हाई!" मायला सांगितलं, आडवं झोपवू नको, टेकून बसव. इथून तेवढंच करता आलं. त्यांच्या पाठीला माझा हात लागू शकत नव्हता.

न्यूमोनिया निघाला. आणखी एक दिवस घालवला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर गणेशला म्हणाले. माझी रजा मंजूर होईपर्यंत आबा ऑक्सिजनवरून उतरून घरीही आले. ते सगळे दिवस मी इथं परक्या म्हाताऱ्यांची तोंडं पुसत होते, त्यांची कूस बदलत होते, आणि जीव तिकडं लागलेला. आबांची कूस कुणी बदलतंय का?

घरी आल्यावर आबांनी स्वतः फोन केला. आवाज पातळ, पण वाक्य सलग. "दवाखान्यात एक सिस्टर होती," म्हणाले. "तापात मला काय बी समजत नव्हतं. मी तिला अर्चू, अर्चू म्हणून हाका मारून राह्यल्तो म्हणे."

"मंग?"

"मंग काय. ती दर बारीला ओ द्यायची. 'काय आबा' म्हणायची, नि ओल्या कापडानं व्हट पुसायची. मला वाटलं, तू आल्तीस."

फोन ठेवून मी मोठमोठ्यानं रडले. भ्रमातल्या पेशंटशी वाद घालायचा नाही, त्याला धीर द्यायचा, हे मलाही शिकवलंय. त्या मुलीनं बिलकुल बराबर केलं. तिचं नाव मला माहीत नाही. तिचे उपकार फेडता येणार नाहीत, आणि खरं सांगू, तिचा हेवाही वाटतो.

इथले लोक विचारतात, तुझं घर आता कुठलं? इथलं की तिथलं? मी हसून वेळ मारून नेते. पण मला उत्तर पक्कं ठाऊक आहे. शुद्ध हरपलेली असतानाही आबांनी ज्या नावानं हाक मारली, ते माझं घर. आणि त्या हाकेला ओ मी द्यायची होती.